थांबलेली गाडी, थकलेली देणी



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयावर ऐकलेत, राज्यघटनेवर ऐकलेत, मराठवाड्याच्या पाण्यावर तर दरवर्षीच ऐकता. आज एका मोटारीविषयी ऐकावयाचे आहे, आणि तीही शर्यतीच्या जातीच्या. कामगार संघटनेच्या माणसाने श्रीमंतांच्या खेळण्यावर बोलावे, हे व्याख्यानमालेच्या चिटणिसांना जरा विचित्र वाटले. त्यांनी विषय दोनदा विचारून घेतला. आम्ही म्हणालो, विषय मोटारीचाच आहे. परंतु त्या मोटारीत अकरा कामगारांचे पैसे अडकले होते. ते बाहेर कसे काढले, तेवढेच सांगतो.

आपले शहर गाड्या जुळवणाऱ्यांचे शहर आहे. वाळूजला 1985 पासून बजाजच्या दुचाक्या तयार होऊ लागल्या. शेंद्र्याला 2001 साली स्कोडाच्या ऑक्टाव्हियाची जुळवणी सुरू झाली. परदेशातून सुटे भाग पेट्यांतून यावेत आणि इथल्या हातांनी ते जोडावेत, अशी ती व्यवस्था होती. गाड्या विकत घेण्यातही आपण मागे नाही. 2010 च्या ऑक्टोबरात या शहरातील मंडळींनी एकत्र येऊन 150 मर्सिडीज गाड्या एकदम घेतल्या आणि देशभर त्याची चर्चा झाली. त्या गाड्यांपैकी ज्या अजून धावत असतील, त्यांच्या नोंदणीची 15 वर्षे आता भरली. तेव्हा आजचा विषय केवळ आमच्याच गाडीचा नाही, हे ध्यानात घ्यावे.

आमची गाडी म्हणजे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. दिसायला चार दारांची, पण बॉनेटखाली 1.8 लिटरचे टर्बो इंजिन, एकेका सिलिंडरला पाच असे वीस व्हॉल्व्ह आणि 150 अश्वशक्ती. 2004 साली ही गाडी आपल्या देशात आली, तेव्हा पेट्रोलवर चालणारे टर्बो इंजिन इथल्या रस्त्यांना नवलाचे होते. आम्ही सांगत आहोत ती गाडी 2005 साली एम.एच. 20 मध्ये नोंदलेली होती. तिचे मालक चिकलठाण्यातले एक लहान कारखानदार. त्यांच्याशी आम्ही टेबलाच्या पलीकडून कित्येक वर्षे भांडलो. दर करारापूर्वी ते म्हणत, "धंद्यात काही राहिलेले नाही," आणि आम्ही खिडकीतून त्या लाल गाडीकडे बोट दाखवीत असू.

2011 साली कारखाना खरोखरच बंद पडला. कायद्याने सेवेच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावयाचा असतो. यंत्रे कर्जापोटी गेली. अकरा जणांना ग्रॅच्युइटी मिळाली, पण भरपाई अर्धीच मिळाली. मालकांनी उरलेली देण्याचा शब्द दिला. तो पाळण्यापूर्वीच ते वारले. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली ती तेरा वर्षे. मग त्यांची मुलगी आमच्याकडे आली. म्हणाली, "दादा, भंगारवाला बत्तीस हजार देतोय. ते तुम्ही वाटून घ्या. बाबांच्या नावावर राहिलेले हे एकच ओझे आहे."

बत्तीस हजार भागिले अकरा, म्हणजे डोई तीन हजारही नाहीत. त्या अकरांपैकी चौघे उत्तम फिटर. त्यांतले सर्वांत वडील, ज्यांना सगळे वस्ताद म्हणत, ते शेडमध्ये गेले, गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिले आणि म्हणाले, "पत्रा शाबूत आहे. वजनावर द्यायची गाडी नव्हे ही." तिथून काम सुरू झाले. सुट्या भागांचा खर्च मुलीने आधी घालावा आणि विक्रीतून तो प्रथम तिला परत मिळावा, असे कागदावर लिहून घेतले. तोंडी शब्दाचे काय होते, ते आम्ही एकदा पाहिलेच होते.

आता बऱ्याच दिवसांच्या बंद गाडीपाशी गेल्यावर मनुष्य पहिली चूक कोणती करतो? नवी बॅटरी लावतो आणि किल्ली फिरवतो. वस्तादांनी किल्ली स्वतःच्या खिशात घातली आणि दोन महिने कोणाला दिली नाही. त्याची कारणे ऐकण्यासारखी आहेत.

या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ एक दातेरी रबरी पट्टा सांभाळतो. तोच टायमिंग बेल्ट. उभ्या गाडीतले रबर कडक होऊन त्याला चिरा पडतात. असा पट्टा इंजिन फिरताना तुटला, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. म्हणजे हौसेने एकदा किल्ली फिरवली की भंगारवाल्याचाच भाव खरा ठरायचा. म्हणून प्रथम प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडले आणि आठ दिवस काही केले नाही. नंतर पट्टा बदलला. त्याच वेळी पाण्याचा पंपही बदलला, कारण जुन्या पंपाचा आतला पंखा प्लॅस्टिकचा असतो आणि तो दगा देतो. मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून वस्तादांनी इंजिन हाताने फिरवले. ते अडले नाही. त्या दिवशी सगळ्यांनी एक चहा जास्त घेतला.

दुसरी गोष्ट तेलाची. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या पुढे फेरे घेतो, आणि तो फिरतो तेलाच्या एका पातळ थरावर. जुने तेल गोठून त्याचा काळा गाळ होतो, आणि खालच्या चेंबरमधली जाळी त्याने तुंबते. वरून कितीही नवे तेल ओता, टर्बोपर्यंत ते पोचत नाही. आम्ही चेंबर उतरवला, तेव्हा जाळीवर शेणाने सारवल्यासारखा थर होता. तो धुऊन काढला. मग पेट्रोल बंद ठेवून केवळ स्टार्टरने इंजिन फिरवले आणि तेलाचा दाब आला, हे पाहूनच पुढे गेलो.

तिसरी गोष्ट पेट्रोलची. टाकीतले पेट्रोल विटून त्याला रोगणासारखा वास येत होता. टाकी उतरवून धुतली. शिवाय आज पंपावर मिळते त्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. 2005 सालच्या रबरी नळ्या त्यासाठी बनविलेल्या नव्हेत. इथेनॉलला चालतील अशा नळ्या घातल्या. ब्रेकचे तेल तर हवेतले पाणी शोषून घेते. ते बदलले नाही तर ऐन उतारावर त्याची वाफ होऊन पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो. पिस्टन गंजून अडकले होते, ते सोडविले. टायरवर नक्षी होती, पण टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. ते वाचले आणि चारही टायर काढून टाकले. जे भाग इथे मिळेनात, ते मुंबईला कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून आणले.

आणि उंदीर! त्यांनी वायरिंगमध्ये संसार थाटला होता. इथे मात्र आमच्या चौघांचे हात टेकले. वस्तादांच्या भाच्याचा मुलगा आयटीआय करून गॅरेजात लागला आहे, तो संगणकाचे यंत्र घेऊन आला. या गाडीच्या किल्लीत खुणेची चकती असते. ती गाडीने ओळखली नाही तर इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडते. ते त्याने दुरुस्त केले. वायर न् वायर तपासून जोडली. इंजिन चालू झाले, पण हेलकावे खाऊ लागले. यंत्रावर आले की हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडते आहे. मुलाने दोन महागडे भाग बदलायला सांगितले. वस्तादांनी एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, त्याची मूठ कानाला लावली आणि इंजिनावर इकडेतिकडे टेकवत गेले. मागच्या बाजूस एका ठिकाणी थांबून म्हणाले, "इथे सुसकारतंय." रबरी नळीला नखाएवढी चीर होती, तिथून मोजदाद न झालेली हवा आत शिरत होती. नळी फार तर तीन-चारशे रुपयांची.

त्या दिवशी दोघांचेही खरे ठरले. यंत्राने रोग सांगितला, कानाने जागा सांगितली. पोराने वस्तादांच्या पायाला हात लावला, आणि वस्तादांनी दुसऱ्या दिवसापासून त्याचे ते यंत्र शिकायला घेतले, वयाच्या बासष्टाव्या वर्षी.

आता कायद्याचे. आपल्याकडे एक समज पसरला आहे की 15 वर्षे झाली की गाडी मोडीत काढलीच पाहिजे. दिल्ली परिसराचे निर्बंध वेगळे. महाराष्ट्रात खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते. गाडी तपासणीस उतरली तर ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. मोटारीसाठी हे शुल्क 2022 च्या एप्रिलपासून 5,000 रुपये झाले, आणि 20 वर्षांपुढच्या गाडीला 2025 च्या ऑगस्टपासून 10,000. उशीर केलात तर महिन्याला 500 रुपये जादा. म्हणून गाडी उभी ठेवा, पण कागद उभे ठेवू नका. आमच्या गाडीचे वारसाच्या नावे हस्तांतर झाले, विमा, प्रदूषणाचा दाखला, सगळे रीतसर केले. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालविता येत नाही, म्हणून तपासणीला ती दुसऱ्या गाडीवर चढवून नेली.

नोंदणी झाल्यावर एका रविवारी सकाळी ती जालना रोडने शेंद्र्यापर्यंत नेली. चालवीत होते वस्ताद. कारखान्याच्या बाहेर रस्त्याकडेला दोन मिनिटे उभे राहिलो आणि परत फिरलो. वस्ताद एवढेच म्हणाले, "इतकी वर्षे ही खिडकीतून पाहिली. आत बसेन असे वाटले नव्हते."

मग हिशेब. संघटनेच्या माणसाने हिशेब सांगितल्यावाचून खाली बसू नये. गाडी 4,60,000 रुपयांना विकली. सुटे भाग आणि शुल्क यांचे 1,85,000 मुलीला परत दिले. आता प्रश्न आला मजुरीचा. चौघे म्हणाले, आपल्याच देण्यासाठी काम केले, मजुरी कसली घ्यायची? आम्ही कडक विरोध केला. घरचे काम म्हणून मजुरी सोडायची सवय लागली की पुढे ती सगळेच सोडायला लावतात. ज्या सात जणांनी पाना धरला नव्हता, त्यांनीच हात वर करून ठराव केला, की मजुरीचे 55,000 आधी चौघांना द्यावेत. उरले 2,20,000. डोई 20,000.

याने देणी फिटली असे आम्ही म्हणत नाही. जेमतेम तिसरा हिस्सा फिटला. परंतु तीन हजारांच्या ठिकाणी वीस हजार झाले, ते कोणाच्या दयेने नव्हे, ज्यांचे येणे होते त्यांच्याच हातांनी.

आपल्या शहराला हे नवे नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने नहर बांधली आणि तिने शहराला शतकानुशतके पाणी पाजले. पाणी वाहून नहर झिजली नाही. गाळ काढणारे हात थांबले, तेव्हा ती तुंबली. उभ्या गाडीचेही तेच, आणि घरी बसविलेल्या कारागिराचेही तेच. त्या चौघांपैकी एक जण गेली काही वर्षे रात्रपाळीचा पहारेकरी आहे, दुसरा भाजी विकतो. ज्या हातांना शतांश मिलिमीटरची जाण आहे, ते हात तराजू धरून बसले आहेत. गाडी मोडीत काढण्यापूर्वी निदान तपासणी होते. माणसाच्या बाबतीत आपण तेवढेही करत नाही.

आमची मागणी लहान आहे. आपल्या गॅरेजांनी, आयटीआयने आणि कारखान्यांनी अशा निवृत्त वा बेकार झालेल्या फिटरांना आठवड्यातून दोन दिवस तरी शिकवायला बोलवावे, आणि त्याचे मानधन द्यावे. त्यांच्या कानात जे आहे, ते अजून कुठल्या यंत्रात आलेले नाही, आणि ते त्यांच्याबरोबर गेले तर कुर्ल्याच्या बाजारातही मिळणार नाही. इथे बसलेल्यांपैकी कोणाच्या शेडमध्ये अशी एखादी गाडी उभी असेल, तर किल्ली फिरवू नका. आधी एखादा वस्ताद शोधा. तो बहुधा तुमच्याच गल्लीत असेल.