पहिला पगार पोराच्या हातात

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात आमच्या एका सभासद-दुकानदारांनी केलेले भाषण. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



मला भाषणाची सवय नाही. माझा जन्म काउंटरच्या मागे गेला. पण सेक्रेटरी म्हणाले, "सोसायटीतली दहावी-बारावीची पोरं पार्टटाइम काम शोधत फिरतायत. तुम्ही दुकानदार आहात, पंचवीस वर्षं बघताय. तुम्हीच बोला." म्हणून उभा आहे. चुकलं-माकलं पदरात घ्या.

१९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली, त्याच सुमाराला आपण इथं राहायला आलो. तेव्हा रस्त्याला दिवे नव्हते. एमआयडीसीच्या भोंग्यावर घड्याळ लावायचो. आपल्यातले निम्मे लोक शिफ्टवाले, फौंड्रीत, वर्कशॉपमध्ये. महिन्याचं सामान माझ्याकडून उधारीवर जायचं आणि पगार झाला की खातं फिटायचं. ती वही हे माझं भांडवल होतं, आणि एका बाबतीत माझं पापही त्याच वहीत आहे. आज ते सांगणार आहे. ज्यांच्याबद्दल आहे त्यांना विचारून सांगतोय.

एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर आपल्याच सोसायटीतल्या एक वहिनी दुकानात आल्या. त्यांच्या मालकांचं काम सुटलं होतं. म्हणाल्या, "भावजी, पोराला दिवाळीपुरतं घ्या. घरी बसून राहतो, काहीतरी शिकेल." पोरगा अकरावीत, सोळा वर्षांचा. मला माणूस हवाच होता. घेतला.

अठरा दिवस काम केलं त्यानं. रव्याची, मैद्याची पोती फोडून किलो-किलोच्या पिशव्या भरायच्या, मालाची गाडी उतरवायची, गिऱ्हाइकाला तेलाचा डबा रिक्षापर्यंत न्यायचा. सकाळी कॉलेज, दुपारी दोनला दुकान, रात्री शटर ओढताना अकरा. धनत्रयोदशीला तर बारा वाजले. एकदाही कुरकुर नाही. रोज पन्नास रुपयांनी नऊशे रुपये झाले.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी वही उघडली. त्याच्या वडिलांच्या नावावर अठराशे चाळीस बाकी होती. नऊशे जमा टाकले आणि मोठ्या मनाचा असल्यासारखा म्हणालो, "बघ, घरची निम्मी उधारी फेडलीस तू." वर मिठाईचा पुडा दिला. तो "बरं काका" म्हणाला आणि गेला.

त्यानंतर तो माझ्या दुकानाची पायरी चढला नाही. सामानाला त्याची बहीण यायची. मला वाटायचं, पोरगं लाजतंय.

दहा-अकरा वर्षांनी तो लग्नाची पत्रिका घेऊन आला. चांगल्या नोकरीला लागला होता. चहा मागवला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग जाता जाता हसतच म्हणाला, "काका, त्या दिवाळीला मला सायकलचे दोन टायर घ्यायचे होते. कॉलेजला चालत जात होतो." मी म्हणालो, "अरे, पण तुझ्याच घरची उधारी होती ना?" तो म्हणाला, "उधारी बाबांची होती काका. काम माझं होतं."

त्यानं रागानं म्हटलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. रागानं म्हटलं नाही, म्हणून ते आजपर्यंत डोक्यात आहे. हिशेबात एका पैशाची चूक नव्हती, तरी हिशेब चुकला होता. मी त्याला विचारलंच नव्हतं. त्याच्या आईलाही नाही.

तेव्हा कायद्याची मला काहीच माहिती नव्हती. नंतर करून घेतली. तुम्हीही ऐका, कारण दुकानदार आणि पालक दोघांनाही लागू आहे. मूळ कायदा १९८६ चा, २०१६ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायचंच नाही. स्वतःच्या घरच्या दुकानात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत हातभार लावला तर चालतो, शाळा बुडता कामा नये. चौदा ते अठरा या वयात दुकानात काम करता येतं, पण अटी आहेत. सलग तीन तासांवर काम नाही, मग निदान एक तास विश्रांती. विश्रांती धरून दिवसाला सहा तासांच्या वर नाही. संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम नाही. ओव्हरटाइम नाही. एका दिवसात दोन ठिकाणी काम नाही. आठवड्याला एक पूर्ण सुट्टी. आणि दुकानदारानं त्या मुलाचं नाव, जन्मतारीख, कामाची वेळ रजिस्टरला लिहायची.

आता या अटींवर माझा तो मुलगा तपासा. रात्री अकरा, सुट्टी एकही नाही, रजिस्टर तर नाहीच. एकूण एक अट मोडली होती मी. आणि गल्लीत माझं नाव काय? तर पोरांना मदत करणारा माणूस!

धोक्याच्या कामांना तर अठरापर्यंत पूर्ण मनाई आहे. त्यात फटाक्यांची विक्री आणि साठवणही येते. आपली पोरं दिवाळीत सगळ्यात आधी धावतात ती नेमकी फटाक्यांच्या स्टॉलवर. दुसरं म्हणजे घरपोच सामान. "काका, तुमची गाडी द्या, डिलिव्हरी मी करतो," असं दर सुट्टीत कोणीतरी म्हणतं. सोळाव्या वर्षी जे लायसन्स मिळतं ते पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. माझ्या दारातली गाडी त्यात बसत नाही. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून मी सायकलवरून जवळच्या जवळ पाठवतो, गाडीची किल्ली देत नाही.

काही पालक म्हणतील, एवढी कटकट असेल तर पोरांनी अभ्यासच करावा. मी तसं म्हणत नाही. आपण कर्मवीरांच्या मुलखातली माणसं. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' हे सांगून थांबले नाहीत, करून दाखवलं. साताऱ्यात १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तेही याच पायावर. स्वतः भाऊरावांनी तरुणपणी किर्लोस्करांच्या आणि ओगल्यांच्या कारखान्याच्या मालाची विक्री करत गावं पालथी घातली होती. म्हणजे विक्रेत्याचं काम हलकं, असं आपल्या भागात तरी कोणी म्हणू नये. पण एक लक्षात ठेवा. त्यांच्या योजनेत काम शिक्षणासाठी होतं. पोराच्या कामानं त्याचं शिक्षण पुढं सरकलं पाहिजे. माझ्या दुकानात ते मागं सरकलं.

नीट झालेली गोष्टही सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर आला. मारुती रोड, हरभट रोड, गणपती पेठ सगळं पाण्यात. माझ्या ओळखीच्या एका कापड दुकानदाराचा तळमजला गेला. चिखल उपसून दिवाळीला त्यांनी दुकान उभं केलं, पण माणसं कमी पडत होती. आपल्या सोसायटीतली एक मुलगी, वय सतरा, बारावी कॉमर्स, मला म्हणाली, "काका, मला विचाराल का तिथं?" तिचे वडील उखडले. "लोक म्हणतील बापाला पोसवत नाही. आणि मुलीची जात, कुपवाडहून सांगलीला कशी पाठवू?"

मी त्यांना म्हणालो, "दादा, लोकांचं राहू द्या. वेळ काय ते ठरवू." आम्ही तिघं दुकानात गेलो. मालकांसमोर कागदावर लिहिलं: सकाळी अकरा ते चार, मध्ये एक तास सुट्टी, फक्त दिवाळीच्या सुट्टीत, सोमवारी रजा, दर शनिवारी पैसे मुलीच्या हातात. पाण्यातून वाचलेल्या साड्या कमी भावात काढायच्या होत्या. तिनं पहिल्या दोन दिवसांत वही घातली, कुठली साडी धुतली की रंग सोडते, कुठली चांगली आहे. आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगायची, "मावशी, ही पुरातली आहे, काठाला डाग आहे, म्हणून स्वस्त." मालक सुरुवातीला घाबरले. पण एकही साडी परत आली नाही. पहिल्या शनिवारी वडील तिला आणायला दुकानात गेले. तिनं त्यांच्या हातात पैसे ठेवले. त्यांनी ते मोजले, परत तिच्याच हातात दिले. हे मला त्यांनी स्वतः सांगितलं.

आता पोरांनो, काम मागायला कसं जायचं ते ऐका. संध्याकाळी गर्दीत येऊन "काका, काम आहे का?" विचारू नका, नाहीच म्हणतील. सकाळी भवानी झाल्यावर, साडेअकरा-बाराला, दुकान निवांत असताना जा. मालक कोण ते विचारा. नाव, इयत्ता, कुठले दिवस, किती ते किती, हे एका दमात सांगा. दिवाळीचं काम हवं तर नवरात्राच्या आधी जा, वसुबारसेला जाऊन उपयोग नाही. वयाचा दाखला म्हणून आधारची झेरॉक्स न्या. मित्राला घेऊन जाऊ नका. चार पोरं दारात उभी राहिली की दुकानदाराला वर्गणीवाले वाटतात.

काम मिळालं की तीन गोष्टी शिका. सुटे पैसे गिऱ्हाइकाच्या हातात मोजून द्या. नवा माल मागे आणि जुना पुढे लावा, पुड्यावरची तारीख वाचून. आणि माहीत नसेल तर "विचारून सांगतो" म्हणा, थाप मारू नका. एवढं ज्याला येतं तो कुठल्याही काउंटरवर उभा राहू शकतो. आणि परीक्षा आली की पंधरा दिवस आधी सांगून काम थांबवा. जो मालक त्याला नाही म्हणेल, त्याच्याकडे परत जाऊ नका.

पालकांना एवढंच सांगतो. पोराचा पगार घरात लागत असेल तर त्यात लाज नाही. पण आधी त्याच्या हातात पडू द्या, मग त्याच्याकडून मागून घ्या. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीनं बचत खातं चालवता येतं, मर्यादा किती ते बँक ठरवते. आपल्या बँकेत विचारा.

शेवटी कमिटीला एक विनंती. आपल्या सोसायटीत आणि आजूबाजूला मिळून दहा-बारा दुकानदार आहेत. एक साधी चिठ्ठी छापू. त्यावर मुलाचं वय, कामाची वेळ, पगार, साप्ताहिक सुट्टी आणि तीन सह्या: मुलाची, पालकाची, दुकानदाराची. ज्याला पोरगं हवं असेल त्यानं ती नोटीस बोर्डावर लावायची. जो सही करणार नाही, त्याच्याकडे आपली पोरं पाठवायची नाहीत. पहिली सही माझी.

त्या मुलाचं शेवटचं सांगतो आणि थांबतो. पत्रिका दिली त्या दिवशी मी गल्ल्यातून नऊशे रुपये काढले. त्यानं घेतले नाहीत. म्हणाला, "आता नको काका. पुढच्या पोराला वेळेवर द्या." त्या दिवसापासून माझ्याकडे सुट्टीत जो कोणी काम करतो, त्याच्या घरची उधारी कितीही असो, त्याचा पगार मी वहीत टाकत नाही. हातात देतो.