ठोसेघर, नवजा आणि न उतरलेला घाट
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘सायकलवरून धबधबे’. गेल्या सप्टेंबरात आपल्या बॅचच्या आम्ही पाचजणी साताऱ्याहून निघून ठोसेघर, पाटण, कोयनानगर असं करत नवजाच्या ओझर्डे धबधब्यापर्यंत सायकलने गेलो. फोटो तुम्ही ग्रुपवर पाहिले आहेत, म्हणून वर्णन करत बसत नाही. फोटोंखाली सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न होता, “आम्हाला जमेल का गं?” जमेल. पण त्यासाठी पायांच्या आधी आखणीवर मेहनत घ्यावी लागते. आज बोलायचं आहे ते त्या आखणीबद्दल.

शाळेत आपण सगळ्याच सायकलने यायचो. पुढे कॉलेज, नोकरी, लग्न, मुलं यांत बहुतेकींची सायकल सुटली ती सुटलीच. आम्ही पाचजणींनी पंचेचाळिशीच्या आसपास पुन्हा सायकल हातात घेतली. त्यामुळे ही आखणी कुणा पट्टीच्या सायकलपटूंची नाही, हे आधीच सांगते.

पहिला प्रश्न, जायचं कधी? धबधबे म्हटलं की सगळ्यांना जुलै आठवतो. पण भर जुलैत ठोसेघरला गेलात तर बरेचदा समोर नुसतं धुकं असतं; धबधब्याचा आवाज येतो, धबधबा दिसत नाही. शिवाय पावसाळ्यात पेपरमध्ये रोज कोयना, नवजा आणि महाबळेश्वर यांचे पावसाचे आकडे का छापतात, ते आपल्याला माहीत आहे. नवजाला वर्षाला पाच हजार मिलिमीटर पाऊस ही फार मोठी गोष्ट नाही. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसं गेली आणि त्याच दिवसांत चिपळूण पाण्याखाली होतं. त्या रस्त्यांवर जुलैत मौजेसाठी जायचं नाही, हे आमचं पहिल्याच बैठकीत ठरलं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस ओसरायला लागलेला असतो, डोंगरात मुरलेलं पाणी मात्र अजून वाहत असतं. धबधबा जुलैइतका रोरावत नाही, पण दिसतो. आणि निघायचं सोमवारी, कारण शनिवार-रविवारी ठोसेघरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग असते.

आपल्या भूगोलाच्या बाई समोर बसल्या आहेत, चुकलं तर सांगतील. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून तयार झालेला आहे. काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर आधी झिजतो, कठीण थराचा कडा उभा राहतो आणि पठारावरचं पाणी त्या कड्यावरून खाली पडतं. पाचवीत हे पाठ केलं होतं. सायकलवर ते मांड्यांना कळतं, कारण जिथे धबधबा आहे तिथे उंचीत मोठा फरक आहे, आणि तो फरक तुम्हालाच चढायचा किंवा उतरायचा असतो.

म्हणूनच अशा सहलीचा हिशेब किलोमीटरमध्ये करून भागत नाही. सातारा ते ठोसेघर पंचवीसेक किलोमीटर. गाडीने तासाभराचं काम. आम्ही हिशेब असा केला: सपाटीवर सामानासकट ताशी बारा ते पंधरा किलोमीटर आणि चढावर तासाला तीनशे मीटर उंची. हे आकडे आमच्यातल्या सगळ्यात सावकाश चालवणारीचे होते. उन्हाळ्यात यवतेश्वरचा घाट चारदा चढून घड्याळ लावून काढलेले. सरासरी मुद्दाम घेतली नाही. सरासरीवर आखणी केली की मागे राहणारी रोज अंधारात पोचते, आणि तिसऱ्या दिवशी “माझ्यामुळे तुम्हाला उशीर होतो” म्हणून ती घरी जायची भाषा करते. सप्टेंबरअखेर सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. आम्ही रोजचा मुक्काम चार वाजता गाठायचा असं धरलं. पंक्चर, पाऊस आणि चहा यांसाठी दोन-अडीच तास हाताशी राहिले आणि ते रोज खर्च झाले.

मार्ग चार दिवसांचा होता. पहिल्या दिवशी बोगद्यातून बाहेर पडून सज्जनगडाच्या पायथ्यावरून ठोसेघर. दुसऱ्या दिवशी चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावरून पाटणला उतरायचं. तिसऱ्या दिवशी पाटणहून कोयनानगर, तिथे सामान ठेवून नवजाला जाऊन परत. चौथ्या दिवशी हेळवाकहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि शेवटी परशुराम घाटाजवळचा सवतसडा.

सामानाबद्दल. या प्रकाराला हल्ली बाइकपॅकिंग म्हणतात. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना मोठ्या बॅगा लटकवण्याऐवजी हँडलला, फ्रेमच्या त्रिकोणात आणि सीटच्या मागे घट्ट बसणाऱ्या छोट्या पिशव्या बांधायच्या. उखडलेल्या रस्त्यावर त्या हलत नाहीत. जागा कमी असल्यामुळे सामान आपोआप कमी होतं. जड वस्तू फ्रेमच्या पिशवीत, कपडे मागे. पिशवी ‘वॉटरप्रूफ’ आहे असं दुकानदार म्हणाला तरी आत प्लॅस्टिकची पिशवी घालायचीच. चालवायचे कपडे एक जोड, झोपायचे कोरडे कपडे एक जोड, आणि काहीही झालं तरी ते कोरडे कपडे अंगावर घालून सायकल चालवायची नाही. प्रत्येकीकडे दोन ट्यूब. पाचजणींत मिळून एक पंप, एक चेन तोडायचं हत्यार आणि ब्रेकपॅडचे दोन जोड. पावसात चिखल आणि वाळू मिळून ब्रेकचं रबर फार लवकर खातात, म्हणून घाट उतरायच्या आदल्या रात्री ब्रेक बघायचे. खायला चिक्की, राजगिऱ्याचे लाडू आणि साताऱ्याच्या असल्यामुळे अर्थातच कंदी पेढे. भूक लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाने काहीतरी तोंडात टाकायचं.

आणखी एक गोष्ट, जी पुरुषांच्या याद्यांमध्ये सापडत नाही. रस्त्यात बाथरूम कुठे आहे? आम्ही प्रत्येक दिवसासाठी दोन जागा आधीच फोन करून पक्क्या केल्या होत्या. मुक्कामाच्या तिन्ही जागा आमच्यातली एकजण महिनाभर आधी एसटीने जाऊन बघून आली होती. कोयनेचं जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं, त्यामुळे तिथे कुठेही तंबू ठोकायचा विचारच नव्हता.

आता मुख्य मुद्दा. यादीच्या शेवटच्या पानावर आम्ही परतीचे नियम लिहिले होते. माझ्या कामात एखादी प्रणाली सुरू करण्याआधीच, कोणता आकडा दिसला की ती मागे घ्यायची, हे लिहून ठेवतात. कारण ऐन वेळी सगळे दमलेले असतात आणि प्रत्येकाला ‘अजून थोडं बघू’ असं वाटत असतं. तसंच आम्ही केलं. कुंभार्ली घाटासाठी नियम असा: हवामान खात्याचा सातारा किंवा रत्नागिरीच्या घाट भागासाठी ऑरेंज इशारा असेल, किंवा कोयनेला आदल्या चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला असेल, तर घाटात उतरायचं नाही. ६५ का? साधारण तिथून पुढच्या पावसाला हवामान खातं मुसळधार म्हणतं. आणि या नियमावर मतदान नाही. पाचजणींनी खाली सह्या केल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी ओझर्डे धबधबा मनसोक्त पाहिला. रस्त्यापासून थोडं चालत वर जावं लागतं. संध्याकाळपर्यंत आभाळ मोकळं होतं. रात्री दहाला पाऊस सुरू झाला तो पहाटेपर्यंत थांबला नाही. सकाळी आकडा आला. ६५ च्या वर होता. फार वर नव्हता, पण वर होता.

आमच्यातल्या एकीचं माहेर चिपळूणचं. या सहलीत तिला ओढ सवतसड्याची नव्हती. आपल्या आईच्या दारात सायकलवरून जाऊन उभं राहायचं, यासाठी तिने सहा महिने तयारी केली होती. आई मोदक करून वाट बघत होती. सकाळी आठला पाऊस थांबला, ऊनही पडलं. समोरून एसटी जात होत्या. ती म्हणाली, “पाच-दहा मिलिमीटरसाठी अडायचं? गाड्या जातायत की!” दोघींचं मत तिच्यासारखं झालं. मतदान घेतलं असतं तर आम्ही उतरलो असतो.

मी तो कागद काढून टेबलावर ठेवला. कुणी काही बोललं नाही. तिने आईला फोन केला आणि बाहेर जाऊन उभी राहिली. दुपारी टेम्पो करून सायकली आणि आम्ही कऱ्हाडला आलो.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. त्या दिवशी कुंभार्ली घाटात काहीही झालं नाही. दरड पडली नाही, रस्ता बंद झाला नाही. दुसऱ्या दिवशी ती एसटीने त्याच घाटातून माहेरी गेली आणि मला एका ओळीचा मेसेज आला: “घाट छान कोरडा आहे.” पुढे दोन आठवडे आमचं बोलणं नव्हतं.

मग आमचा निर्णय चुकला का? मी यावर खूप विचार केला. रात्रभर भिजलेला डोंगर पाऊस थांबल्या थांबल्या घट्ट होत नाही. पाणी आत मुरत राहतं आणि ऊन पडल्यावरही दगड सुटू शकतो. बसमध्ये बसलेल्या माणसाच्या डोक्यावर निदान पत्रा असतो, आणि ती बस दहा-पंधरा मिनिटांत तो पट्टा ओलांडते. आम्ही ओल्या वळणांवर ब्रेक दाबत तास-दीड तास त्याच कड्याखाली असणार होतो. त्या सकाळी आमच्या हातात जी माहिती होती, तिच्यावर निर्णय बरोबर होता. नंतर काही घडलं नाही म्हणून तो चूक ठरत नाही. आणि आम्ही उतरलो असतो नि सुखरूप पोचलो असतो, तरी उतरणं बरोबर ठरलं नसतं. पण तिच्या आईचे मोदक वाया गेले, हेही तितकंच खरं आहे. सावधपणाची किंमत असते आणि ती बहुतेक वेळा एकाच माणसाला भरावी लागते. ते मान्य न करता “सेफ्टी फर्स्ट” म्हणून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही.

ती मैत्रीण आज तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि तिला विचारूनच मी हे सांगते आहे. दोन आठवड्यांनी तिचा फोन आला. म्हणाली, “नियम तोच ठेव. पण पुढच्या वेळी कोयनानगरला एक मोकळा दिवस घाल.” गेल्या वर्षी दोघींना पाचव्या दिवसाची रजा मिळाली नव्हती. या वर्षी सगळ्यांनी ती आधीच मागून ठेवली आहे. पाऊस नडला तर एक दिवस थांबायचं, कोयनेला भटकायचं, आणि आकडा खाली आला की उतरायचं. नाहीच आला, तर पुन्हा टेम्पो. हा आराखडा तिने केलाय. माझ्या आराखड्यापेक्षा चांगला आहे, कारण त्यात नियम पाळणाऱ्यांनाही चिपळूण गाठायची एक संधी आहे.

तर सप्टेंबरच्या शेवटच्या सोमवारी सकाळी सात वाजता शाळेच्या फाटकापासून निघायचं आहे. आठ जागा आहेत, पाच भरल्या. ज्यांना यायचं आहे त्यांनी आजपासून आठवड्यातून तीन दिवस सायकल काढावी आणि जुलैपर्यंत यवतेश्वरचा घाट एकदा न उतरता चढून दाखवावा. कितीही वेळ लागू दे, तुमचाच वेळ धरून हिशेब करू. मुलग्यांनाही बंदी नाही, पण त्यांनाही कागदावर सही करावी लागेल.

चिपळूणला मोदकांची ऑर्डर तिच्या आईकडे नोंदवलेली आहे. नावं जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे द्या.