अर्ध्यावर थांबलेलं वाक्य



गेल्या वर्षीच्या रमजान ईदला आमच्या मिरजेच्या घरी सगळे जमले होते. सोलापूरहून धाकटी बहीण, तिचे यजमान आणि मुलं आली होती. शिरखुर्मा झाला, मुलांना ईदी वाटून झाली. मग मी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बसवलं आणि म्हणालो, आज तुम्हाला एक जुनी गोष्ट दाखवतो. ती गोष्ट म्हणजे १९९६ सालची, बहिणीच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट. ती मी एका दुकानातून संगणकावर उतरवून आणली होती.

आमची अम्मी २०११ साली गेली. तिचे फोटो पुष्कळ आहेत, पण तिचा आवाज या एका कॅसेटशिवाय कुठेही नाही. लग्नाच्या जेवणाच्या वेळी शूटिंग करणारा मुलगा तिच्यासमोर कॅमेरा घेऊन उभा राहतो. ती पदर सावरते, लाजते आणि त्याला काहीतरी सांगते. एवढाच तो प्रसंग.

संगणक मागच्या खोलीत, टीव्ही पुढच्या खोलीत. टीव्हीला मीडिया प्लेअरची छोटी डबी जोडलेली आणि दोघांची गाठ वाय-फायने घातलेली. निकाह झाला, पंगत बसली, अम्मी पडद्यावर आली. म्हणाली, ''आधी जेवून...'' आणि चित्र थांबलं. तिच्या चेहऱ्यावर ते गोल चक्र फिरू लागलं. पुन्हा लावलं, दोन शब्द पुढे गेलं, पुन्हा थांबलं. बहीण पदर तोंडाला लावून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी ती ते वाक्य न ऐकताच सोलापूरला गेली.

आदल्या रात्री मी सगळं तपासलं होतं. पण कुठे? मागच्या खोलीत, संगणकावरच. जिथे बसून पाहायचं तिथे तपासलं नव्हतं. ही पहिली चूक.

दुसरी चूक खर्चाची. चित्र अडकतं म्हणजे इंटरनेट कमी पडतं, असं समजून मी वरचा, महागडा प्लॅन घेतला. फरक शून्य. तिसरी चूक मात्र जिवावर बेतणारी होती. फाईल २८ गिगाबाइटची, म्हणून मी तिचं रूपांतर करून ती ७०० मेगाबाइटवर आणली. आता चित्र थांबेना, पण अम्मीच्या चेहऱ्याचे चौकोनी ठोकळे झाले. तरी मी मनाशी म्हटलं, चालेल. आणि मोठी फाईल पुसून जागा मोकळी करायला निघालो.

त्याच संध्याकाळी भाचीचा फोन आला. ती संगणकाचं शिक्षण घेते. मी मोठ्या अभिमानाने माझा पराक्रम सांगितला. ती जवळजवळ ओरडलीच, ''मामू, मूळ फाईलला हात लावू नका!'' तिचं खरं होतं. दुकानदाराने कॅसेट परत दिली तेव्हाच सांगितलं होतं की टेपला बुरशी लागली आहे, पुन्हा चालेल याची खात्री नाही. आणि व्हीसीआर तरी आता आणायचा कुठून? नवे व्हीसीआर बनवणारी शेवटची म्हणून ओळखली जाणारी जपानची फुनाई कंपनी, तिनेही २०१६ साली उत्पादन बंद केलं. म्हणजे ती २८ गिगाबाइटची फाईल हीच आता आमची कॅसेट होती.

मग भाचीने फोनवरून एकेक गोष्ट तपासायला लावली. तिची अट एकच होती, एका वेळी एकच बदल करायचा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर रोग कशाने बरा झाला ते कळत नाही.

पहिली परीक्षा. ती म्हणाली, ''मामू, राउटरला बाहेरून येणारी इंटरनेटची वायर काढून ठेवा आणि मग लावा.'' राउटर म्हणजे घरात वाय-फाय पुरवणारी ती डबी. वायर काढली, इंटरनेट गेलं. पण व्हिडिओ पूर्वीसारखाच चालला आणि पूर्वीसारखाच अडकला. आपल्याच संगणकातून आपल्याच टीव्हीवर जाणारं चित्र गावभर फिरून येत नाही, ते घरातल्या घरातच जातं. माझा महागडा प्लॅन उगाच गेला.

दुसरी परीक्षा. फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन ती थेट प्लेअरला लावायची. ३२ गिगाबाइटचा पेन ड्राइव्ह रिकामा होता, तरी संगणक म्हणे फाईल फार मोठी आहे. कारण त्याची मांडणी फॅट-३२ नावाच्या जुन्या पद्धतीची होती आणि तिच्यात ४ गिगाबाइटहून मोठी एकच फाईल मावत नाही. एक्सफॅट मांडणीची हार्ड डिस्क घेतली, तेव्हा काम झालं. त्या डिस्कवरून व्हिडिओ एकदाही न अडकता चालला. म्हणजे फाईल ठीक, प्लेअरही ठीक. इथेही अडकला असता, तर ती फाईल उलगडणं प्लेअरला झेपत नाही असा अर्थ झाला असता. आता दोष उरला तो वाटेत.

तिसरी परीक्षा हिशेबाची. फाईल २८ गिगाबाइटची, म्हणजे २८ हजार मेगाबाइट. वेग मेगाबिटमध्ये मोजतात आणि ८ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून ८ने गुणायचं. झाले २ लाख २४ हजार मेगाबिट. कार्यक्रम २ तास १० मिनिटांचा, म्हणजे ७,८०० सेकंद. भागाकार केला, तर दर सेकंदाला सुमारे २९ मेगाबिट लागतात. आता प्रत्यक्ष येतात किती? मुलाचा लॅपटॉप टीव्हीजवळ ठेवला आणि त्यावर संगणकातून ६०० मेगाबाइटची एक फाईल वाय-फायने घेतली. तिला ४ मिनिटं लागली. म्हणजे सेकंदाला अडीच मेगाबाइट, अर्थात २० मेगाबिट. लागतात २९, येतात २०.

मंडळी, आपल्याकडे नळाचं पाणी जेमतेम तासभर येतं, हे तुम्हाला सांगायला नको. आपण पिंप भरून ठेवतो आणि त्यातून वापरतो. प्लेअरही तसंच करतो. पुढचं थोडं चित्र आधी साठवून घेतो, त्या साठ्याला बफर म्हणतात. वरून धार बारीक आणि खालची तोटी मोठी, तर पिंप केव्हा ना केव्हा रिकामं होणारच. मग ते पुन्हा भरेपर्यंत चक्र फिरत राहतं. पिंप मोठं केलं तर थांबणं जरा लांबतं, इतकंच.

धार बारीक का? आमचं घर जुनं, भिंती दीड हात जाडीच्या दगडी. राउटर लोखंडी कपाटाच्या मागे ठेवलेला. संगणक आणि प्लेअर दोघेही वाय-फायवर, म्हणजे प्रत्येक दृश्याच्या हवेतून दोन फेऱ्या, आधी संगणकाकडून राउटरकडे आणि मग राउटरकडून प्लेअरकडे. एका चॅनलवर एका वेळी एकालाच बोलता येतं. त्यात ईदच्या दिवशी पाहुण्यांचे दहा-बारा फोन त्याच वाय-फायवर होते, आणि स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह सुरू होता. त्याच्या लहरीही २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपासच्या, म्हणजे वाय-फायच्या जुन्या पट्ट्यातल्याच. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असतो, पण जाड भिंतीपलीकडे तो लवकर दमतो. आमच्याकडे तो टीव्हीपर्यंत पोचलाच नाही.

उपाय साधा निघाला. राउटर कपाटामागून काढला आणि संगणक त्याला वायरने जोडला. तीच ६०० मेगाबाइटची फाईल आता सव्वादोन मिनिटांत आली, म्हणजे सुमारे ३५ मेगाबिट. चित्र चालू लागलं. पण पाहुणे आले की पुन्हा पंचाईत नको, म्हणून वायरमनकडून भिंतीला भोक पाडून प्लेअरलाही वायर ओढून घेतली. प्लेअरच्या वायरचं तोंड १०० मेगाबिटचं, आपल्याला हव्यात २९. सतारी बनवणाऱ्या गावात राहूनही तारेचं मोल मला एवढ्या उशिरा कळलं!

भाचीने आणखी एक काम करून घेतलं. मूळ फाईल तशीच ठेवून तिची एक आटोपशीर प्रत, एच.२६४ नावाच्या पद्धतीने. या वेळी सेकंदाला साडेतीन मेगाबिट ठेवले. जुन्या कॅसेटच्या चित्राला तेवढे पुरतात. प्रत झाली ३.४ गिगाबाइटची, ती साध्या पेन ड्राइव्हवरही मावली. चेहरे चेहऱ्यांसारखेच राहिले. आवाजात मात्र कपात करू दिली नाही. आवाजाला जागा लागतेच किती! मूळ फाईलच्या दोन प्रती केल्या, एक इथे आणि एक सोलापूरला.

तुमच्याही कपाटात अशी एखादी कॅसेट असेल, तर ती आधी उतरवून घ्या, टेप वाट पाहत नाही. चित्र अडकलं तर पैसे खर्च करण्याआधी दोष फाईलचा, यंत्राचा की वाटेचा, हे पाहा. आणि लहान प्रत कितीही चांगली झाली, तरी मूळ पुसू नका.

बकरी ईदला बहीण पुन्हा आली. या वेळी मी आदल्या रात्रीच पुढच्या खोलीत, तिच्या जागेवर बसून सगळं पाहून ठेवलं होतं. पंगत आली, अम्मी आली, पदर सावरून त्या मुलाला म्हणाली, ''आधी जेवून घे रे बाबा, मग काढ काय काढायचं ते.''

बहीण काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, ''भाई, जरा मागे घ्या ना.'' त्या दुपारी आम्ही ते वाक्य चार वेळा ऐकलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)