मनोरुग्णाची शुश्रूषा आणि आपले घर

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात एका मानसोपचार परिचारिकेने केलेले भाषण)



समितीने मला आरोग्यावर बोलायला सांगितले. शुगर, बी.पी.वर बोलणारे पुष्कळ आहेत. माझ्या नोकरीची बरीच वर्षे मनोरुग्णांच्या वॉर्डात गेली. म्हणून ज्या आजाराचे नाव आपण वस्तीत हळू आवाजात घेतो, त्याच्यावरच बोलते.

बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली. व्यसनाचे आजार धरून शंभर प्रौढांपैकी दहाहून अधिक जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि त्यांपैकी बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. म्हणजे हा आजार कुठल्या तरी लांबच्या घरातला नाही, आपल्याच गल्लीतला आहे.

आता विचार करा. ओ.पी.डी.त डॉक्टर महिन्यातून एकदा पेशंटला बघतात, तेही पाच-दहा मिनिटे. बाकीचा महिना पेशंट कुठे असतो? घरी. मग त्याची नर्स कोण? त्याची आई, बायको, बहीण, भाऊ. त्यांना हे काम कुणी शिकवले नाही. आज मला तेवढेच सांगायचे आहे, की हे काम शिकता येते.

भगवान बुद्धांनी एका आजारी भिक्खूला स्वतः आंघोळ घातली, ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. तो हगवणीने स्वतःच्या घाणीत पडला होता आणि कुणी जवळ जात नव्हते. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून खाटेवर ठेवले. विनयपिटकात त्याच ठिकाणी शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध देता यावे. काय सोसते, काय सोसत नाही ते कळावे. त्याने लोभाने नव्हे, मैत्रीने सेवा करावी. घाणीची किळस करू नये. आणि वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने रोग्याला धीर द्यावा. नर्सिंगच्या शाळेत आम्हाला जे शिकवतात, ते याच्याहून फार वेगळे नाही.

पहिला गुण औषधाचा. मनाच्या आजाराची गोळी तापाच्या गोळीसारखी रात्रीतून काम करत नाही. उदासीच्या आजारावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून बंद केली, तर काही उपयोग नाही. आणि बरे वाटले म्हणून बंद केली तर आजार उलटतो. वॉर्डात परत आलेल्या पेशंटच्या नातेवाईकांना विचारले की बहुतेक वेळा हेच उत्तर मिळते: "सिस्टर, चांगला झाला होता, म्हणून आम्हीच थांबवल्या."

काही गोळ्यांनी हात थरथरतात, अंग ताठते, एका जागी बसवत नाही, वजन वाढते. पेशंट म्हणतो, गोळी नको. त्याला हट्टी म्हणू नका. त्रास कागदावर लिहा आणि डॉक्टरांना दाखवा, डोस बदलता येतो. लिथियम चालू असेल तर वेळच्या वेळी रक्त तपासावे लागते, पाणी भरपूर प्यावे लागते आणि जेवणातले मीठ एकदम कमी करायचे नसते. जुलाब-उलट्या लागल्या, चालताना तोल जाऊ लागला, हात जोरात कापू लागले, तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना गाठा.

आणखी एक. आपल्या बायका वरणात गोळी कुटून घालतात. प्रेमापोटीच घालतात. पण ज्या माणसाला आधीच वाटते की जेवणात विष आहे, त्याला एक दिवस वरण कडू लागते. मग तो जेवण सोडतो, आणि आईवरचा विश्वासही सोडतो. गोळी हातावर द्या, पाणी द्या, समोर उभे राहा. नाही घेतली तर तासाभराने परत विचारा. तरीही घेत नसेल तर महिन्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन काही आजारांत मिळते, ते डॉक्टरांना विचारा.

दुसरा गुण, सोसणे न सोसणे. झोप हे या आजाराचे थर्मामीटर आहे. झोप दोन-तीन रात्री उडाली की आजार उचल खातो आहे असे समजा, आणि ओ.पी.डी.ची तारीख लांब असली तरी जा. दारू आणि या गोळ्या एकत्र चालत नाहीत. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरी एकदम तोडू नका. दोन-तीन दिवसांत हातपाय कापतात, फिट येऊ शकते, नसलेली माणसे दिसू लागतात. त्यात जीव जाऊ शकतो. दारू सोडवायचीच, पण डॉक्टरांच्या नजरेखाली.

ज्याच्या तोंडी मरणाची भाषा आहे, त्याच्या घरात उंदराचे औषध, शेतीचे औषध, गोळ्यांचा साठा हाताशी ठेवू नका. आणि त्याला सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का रे?" विचारल्याने ते डोक्यात घुसते, हा समज खोटा आहे. विचारल्याने माणूस मोकळा होतो. 'हो' म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. पोलीस केस होईल म्हणून लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस मोठ्या तणावाखाली होता असे धरले जाते, त्याला शिक्षा करायची नसते.

तिसरा गुण मैत्रीचा. पेशंट म्हणतो, शेजारी माझ्याविषयी कट करतायत. आपण काय करतो? एक तर भांडतो, "मूर्खा, कोण करतंय कट?" नाहीतर हो ला हो करतो. दोन्हीने त्याचे नुकसान होते. वॉर्डात आम्ही म्हणतो, "मला तसं काही दिसत नाही भाऊ. पण तुम्हाला भीती वाटतेय हे मला कळतंय. मी इथेच बसते." त्याचा भ्रम खरा नसतो, पण त्याची भीती खरी असते. तिला उत्तर द्यायचे. आवाज खाली ठेवायचा, एका वेळी एकाच माणसाने बोलायचे, आणि त्याची दाराकडची वाट अडवून उभे राहायचे नाही.

मारणे, कोंडणे, बांधणे ही शुश्रूषा नव्हे. तामिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे एका आश्रमाला आग लागली. दर्ग्याच्या आशेने आणलेले मनोरुग्ण तिथे साखळीने बांधलेले होते. २८ जण मेले, त्यांना पळताच आले नाही. आज कायद्याने कुणालाही कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला बंदी आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, बांधणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. १९५६ साली आपल्या आईवडिलांनी अंगारे-धुपारे सोडले. पण घरात पोर बडबडू लागले की अजूनही कुणीतरी रात्रीच्या गाडीने मांत्रिकाकडे नेतेच. रागावून बोलत नाही. माणूस हताश झाला की कुठेही जातो. पण त्यात जे दोन-तीन महिने, कधी वर्षे जातात, तेवढा आजार मुरतो.

चौथा गुण, किळस न करणे. उदास झालेली बाई आंघोळ करत नाही, केस विंचरत नाही. ती आळशी झालेली नसते, तिच्यात तेवढी शक्तीच उरलेली नसते. "आंघोळ कर" असा हुकूम देण्याऐवजी पाणी तापवा, कपडे काढून ठेवा, हात धरून न्हाणीपर्यंत न्या. आज नुसते तोंड धुतले तरी पुष्कळ. उद्या केस. बरे होणे असे पायरीपायरीने येते.

पाचवा गुण, धीराचे बोलणे. धीर म्हणजे उपदेश नव्हे. "मन घट्ट कर", "तुला काय कमी आहे?" हे शब्द त्याला दगडासारखे लागतात. हिल्डगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेने १९५२ साली पुस्तक लिहून सांगितले की नर्स आणि रोगी यांच्यातले नाते हाच उपचाराचा भाग आहे. रोज दहा मिनिटे शेजारी बसा. तो बोलला नाही तरी बसा.

आणि जो सेवा करतो त्याचे काय? कितीतरी आया दहा-दहा वर्षे घराबाहेर पडलेल्या नाहीत. लग्नकार्याला जात नाहीत, पोराला कोण बघणार? महिला मंडळाला माझी विनंती आहे. महिन्यातून एक दुपार तुमच्यातली एक ताई त्या घरी जाऊन बसली, तर ती आई बाजारात तरी जाऊन येईल. विहाराच्या फळ्यावर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर लिहून ठेवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा आहे, फोन फुकट आहे, दिवसरात्र केव्हाही लावा.

शेवटची गोष्ट, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. मी वॉर्डात अशी माणसे पाहिली की जी बरी झालेली होती. डॉक्टरांनी डिस्चार्जचा कागद केला, पण न्यायला कोणी आले नाही. पत्र घातले तर परत आले, घर बदललेले. काय चुकले त्यांचे? आजारी पडले एवढेच. आज कायदा म्हणतो की घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणाने कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. पण कायदा दार उघडून देईल, घर कोण उघडणार?

विनयपिटकात गग्ग नावाच्या भिक्खूची हकिकत आहे. त्याचे चित्त बिघडले होते. त्या काळात तो भलतेसलते वागला, बोलला. पुढे बरा झाला. तरी इतर भिक्खू त्याला टोचत राहिले, की तू अमुक केलेस, आठवते का? तो म्हणे, मी तेव्हा भानावर नव्हतो, मला आठवत नाही. तरी ते थांबेनात. गोष्ट भगवंतांपर्यंत गेली. त्यांनी गग्गाला शिक्षा दिली नाही. संघाने एकत्र बसून रीतसर ठराव करावा, की वेडाच्या भरात जे झाले त्याचा दोष त्याच्यावर नाही, आणि तो विषय तिथेच मिटवावा, असे सांगितले. या रीतीला अमूळ्हविनय म्हणतात.

आपल्या वस्तीतही असा ठराव करता येईल. जो बरा होऊन आला त्याला "वेडा होता ना हा" असे कुणी म्हणायचे नाही, त्याच्या बहिणीचे स्थळ त्यावरून मोडायचे नाही. पुढच्या पौर्णिमेला त्याला विहारात बोलवा. सतरंज्या अंथरायला, चहा वाटायला सांगा. माणसाला काम मिळाले की आपण कुणाला तरी हवे आहोत हे त्याला कळते.



नमो बुद्धाय, जयभीम.