स्मरणवस्तू आणि सार्वजनिक निधी



आजच्या विषयाचे नाव ऐकून काहींच्या मनात आले असेल की, कामगार संघटनेत हयात घालवलेल्या माणसाचा पदके, बिल्ले आणि तिकिटे यांच्याशी संबंध काय? ते तर छांदिष्टांचे विषय! शंका रास्त आहे. परंतु सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या दारांशी उभे राहून आम्ही तीस वर्षे वर्गणी गोळा केली. लोकांकडे सार्वजनिक कामासाठी पैसा कसा मागावा आणि तो मिळाल्यावर त्याचे काय करावे, एवढे एक शास्त्र त्यातून आम्हांला थोडेफार कळले. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. पुढचे सारे १८४० साली स्थापन झालेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयाच्या टेबलाशी झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता आमचे म्हणणे ऐकावे, अशी विनंती आहे.

शाळेचा सुवर्णमहोत्सव किंवा अमृतमहोत्सव आला की हल्ली शाळेच्या इमारतीचे चित्र असलेले पदक पाडून घेतात, नाव छापलेले पेले करतात, दिनदर्शिका काढतात आणि माजी विद्यार्थ्यांना विकतात. इतिहासप्रेमी मंडळे किल्ल्यांची चित्रे, जुन्या नाण्यांच्या प्रतिकृती, मोडी अक्षरांची भेटपत्रे विकून कागदपत्रांच्या जतनासाठी पैसा उभारतात. अशा मुद्दाम घडवून घेतलेल्या वस्तूंना आम्ही स्मरणवस्तू म्हणतो. त्या विकून निधी उभारावा की नाही, आणि उभारायचा तर कोणत्या अटींवर, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की ही कल्पना हलकी नाही. १९०४ साली डेन्मार्कमध्ये आयनार हॉलबॉल नावाच्या टपालखात्यातील एका कारकुनाने नाताळच्या पत्रांवर चिकटवण्यासाठी एक शोभेचे तिकीट काढले. टपालासाठी त्याचा उपयोग शून्य, किंमत अगदी किरकोळ. परंतु त्यातून येणारा पैसा आजारी मुलांसाठी होता. पहिल्याच वर्षी अशी चाळीस लाखांवर तिकिटे खपली आणि त्या पैशातून पुढे क्षयरोगी मुलांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. आपल्या देशातही १९५० पासून क्षयरोगनिवारणाची अशी तिकिटे निघू लागली, आणि १९४९ पासून ७ डिसेंबरला सैनिकांच्या कल्याणासाठी छातीवर लावण्याचे चिमुकले ध्वज दिले जातात. त्याच्याही आधी आपल्या महाराष्ट्रात अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. माणशी एक पैसा, एवढीच मागणी! त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. छोट्या देणगीची मोठी शक्ती ही आपल्याला नवी गोष्ट नव्हे. स्मरणवस्तू त्या छोट्या देणगीला हातात धरता येईल असे रूप देते. आमच्या संघटनेच्या बिल्ल्याचेही तेच आहे. कामगाराने दिलेली वर्गणी वहीत राहते, पण बिल्ला त्याच्या सदऱ्यावर राहतो.

आता या विषयाचा सर्वांत जुना आणि सर्वांत चांगला धडा आपल्याच उशाशी आहे. पांडवलेण्यांतील दहा क्रमांकाच्या लेण्यात जावे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख तेथे खडकात कोरलेला आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. उषवदाताने ते लेणे भिक्षुसंघाला दिले आणि त्याबरोबर ३,००० कार्षापणांचा निधी दिला. तो निधी त्याने संघाच्या हाती रोख ठेवला नाही, राजाच्या कोठारातही ठेवला नाही. तो गोवर्धन नगरातील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवला. श्रेणी म्हणजे त्या काळच्या कारागिरांच्या संघटना. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १,००० कार्षापण, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज भोगायचे, अशी स्पष्ट अट आहे. आणि वर्षावासात तेथे राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी मिळावेत, असे ठरवून दिले आहे.

श्रोतेहो, हा हिशेब आपण स्वतः करून पाहावा. २,००० वर दरमहा शेकडा एक, म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी १२, म्हणजेही २४०. एक कार्षापण उरत नाही, एक कमी पडत नाही. शेवटी लेख असेही सांगतो की हे सारे निगमसभेत वाचून ऐकवले आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवले. दान देणारा राजाचा जावई; त्याला हिशेब विचारण्याची कोणाची छाती झाली असती? तरीही त्याने तो सभेत वाचला आणि वर दगडात कोरला. सार्वजनिक निधीचे सगळे नियम त्या भिंतीवर आहेत. पैसा कशासाठी ते आधी ठरलेले, मुद्दल अभंग, गुंतवणूक कुणाकडे ते जाहीर, आणि हिशेब सर्वांसमोर. आपण शाळेचे पदक विकताना यांतले किती पाळतो?

प्रथम पैशाचेच पाहू. समजा, एका शाळेने पितळी पदके करायचे ठरवले. ठशाचा खर्च १०,००० रुपये आणि प्रत्येक पदकाला ८० रुपये. ५०० पदकांचे ४०,००० आणि ठशाचे १०,००० मिळून ५०,००० रुपये आधीच गेले. विक्री १५० रुपयांना. सगळी खपली तर ७५,००० येतील आणि शाळेला २५,००० उरतील. परंतु ३०० च खपली तर ४५,००० येतील. म्हणजे ५,००० चा खड्डा पडला आणि २०० पदके कपाटात गंजत राहिली! ३३४ वे पदक विकले जाईपर्यंत शाळेला एक रुपयाही मिळालेला नसतो, ही गोष्ट उत्सवाच्या गडबडीत कोणी बोलत नाही. म्हणून आमचे सांगणे असे की, आधी नोंदणी करावी, नावे आणि पैसे घ्यावेत, पावती द्यावी, आणि नोंदणी पुरेशी झाल्यावरच ठसा करायला टाकावा. न झाल्यास पैसे परत करावेत. यात कमीपणा नाही.

टपालखात्याने २०११ साली ‘माय स्टॅम्प’ची योजना काढली. तिच्यात आपल्या पसंतीचे चित्र तिकिटाच्या जोडीला छापून मिळते, आणि अनेक संस्थांना तिचा मोह पडला. आपल्या नाशिकरोडला १९२५ पासून सिक्युरिटी प्रेस आहे. टपालाच्या तिकिटांशी या शहराचे नाते जुने, तेव्हा मोह पडणे स्वाभाविकच. पण येथेही पाच रुपयांच्या बारा तिकिटांच्या तावाला ३०० रुपये आकारले जात. म्हणजे टपालाची किंमत ६० रुपये आणि बाकी हौसेची. तो ताव शाळेने ४०० ला विकला, तर घेणाऱ्याच्या ४०० पैकी शाळेला १०० मिळाले. हे त्याला सांगून विकावे. ‘तुमच्या शंभर रुपयांतले शाळेला इतके’ असे प्रत्येक वस्तूच्या वेष्टनावर छापले, तर निम्मे वाद जन्मतःच मिटतील.

दुसरा प्रश्न विक्री कोणी करावी हा आहे, आणि आमच्या मते तो सर्वांत नाजूक आहे. आमच्या एका सभासदाची मुलगी शाळेतून दहा दिनदर्शिका घेऊन घरी आली. ‘सगळ्या खपवून पैसे आणायचे आहेत,’ एवढेच तिने सांगितले. ती ज्या वस्तीत राहते तेथे दहा गिऱ्हाइके कोठून मिळणार? महिन्याची अखेर होती. बापाने हातउसने घेऊन दहाही दिनदर्शिका स्वतःच विकत घेतल्या. मुलीला वर्गात मान खाली घालावी लागू नये म्हणून. शाळेच्या वहीत ते पैसे देणगी म्हणून जमा झाले असतील. आम्ही त्याला दंड म्हणतो. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांसाठी सरकारने पाच पैशांचे जादा तिकीट लावले, आणि १९७३ च्या मार्चपर्यंत बहुतेक टपालावर ते लावावे लागले. ती सक्ती होती. पण सक्ती म्हणून जाहीर केलेली आणि सर्वांना सारखी. शाळेला असा कर बसवण्याचा अधिकार कोणी दिलेला नाही. मुलांना विक्रीचे आकडे ठरवून देऊ नयेत, कोणी किती विकले याची यादी वर्गात वाचू नये, आणि जास्त विकणाऱ्याला बक्षीस देऊ नये. विकायचे तर माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी, मोठ्यांनी मोठ्यांना विकावे.

तिसरी गोष्ट इतिहास मंडळांसाठी आहे. शाळेचे पदक चुकले तर शाळेची शोभा जाते. इतिहासाची स्मरणवस्तू चुकली तर खोटा इतिहास शंभर घरांच्या भिंतींवर जातो. आपल्या जिल्ह्याजवळ सांगण्यासारखे काय थोडे आहे? सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी तेरा हजारांवर, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला! जिंकणाऱ्याने हरलेल्याचे नाणे वितळवले नाही. त्याच्यावरच आपले चिन्ह उमटवले, आणि कित्येक नाण्यांवर दोन्ही ठसे वाचता येतात. अशा नाण्याची प्रतिकृती एखाद्या विद्यार्थ्याच्या हातात दिली, तर तासभराच्या व्याख्यानाचे काम ती एकटी करील. अंजनेरीला १९८० च्या दशकात परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या विद्वानांच्या मार्गदर्शनाखाली नाणेशास्त्राची संशोधनसंस्था उभी राहिली, ती याच भूमीत. तेव्हा जाणकाराने मजकूर तपासल्याशिवाय काही छापू नये.

मात्र त्या प्रतिकृतीवर ‘प्रतिकृती’ हा शब्द न पुसला जाईल असा उमटवावा. नाहीतर आज मंडळाने विकलेली वस्तू उद्या बाजारात खरी म्हणून फिरेल. शंभर वर्षांहून जुनी अस्सल वस्तू निधीसाठी विकण्याचा विचार तर मनातही आणू नये. पुरावस्तूंसाठी १९७२ चा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी, ठेवा सांभाळण्यासाठी ठेवाच विकणे हे बियाणे दळून भाकरी करण्यासारखे आहे. पैशासारखे वापरण्याचे धातूचे तुकडे काढण्यासही नाणेविषयक कायद्याने बंदी आहे, आणि अशोकस्तंभाचे राजचिन्ह मनाला येईल तेथे छापता येत नाही. हे चालकांनी आधी पाहून घ्यावे.

आणखी एक. कोणाचे स्मरण करायचे? राजांचे आणि किल्ल्यांचे जरूर करावे. पण २ मार्च १९३० रोजी याच नाशकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षे नेटाने चालवला. त्याचे पदक किती शाळांनी काढले? ज्या विणकरांच्या श्रेणीने उषवदाताचा निधी सांभाळला, त्यांचे चित्र कोणत्या दिनदर्शिकेवर आहे? कष्टकऱ्यांची हँडबिले, मागणीपत्रे, संपाच्या नोटिसा हेही इतिहासाचे कागद आहेत, आणि ते फार लवकर रद्दीत जातात.

शेवटची अट कारागिराची. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी एके काळी दूरवर जात. तांबट आळीतला ठोका आता क्षीण झाला आहे. अशा शहरातील शाळेने आपल्या उत्सवाचे पदक सर्वांत स्वस्त भाव देणाऱ्या परक्या दलालाकडून आणावे, हे आम्हांला पटत नाही. पदकामागे वीस रुपये जास्त गेले तर किंमत वीसने वाढवावी आणि कारण सांगावे. लोक देतात; आमचा अनुभव असा की, कारण सांगितले तर लोक देतात, आणि हिशेब दाखवला तर पुन्हा देतात.

तात्पर्य, स्मरणवस्तू विकून निधी अवश्य उभारावा. परंतु उद्देश आणि आकडा आधी जाहीर करावा, नोंदणी झाल्यावरच वस्तू करावी, मुलांना विक्रेते करू नये, खोटे छापू नये, आणि कारागिराला पुरा दाम द्यावा. उरलेला पैसा उत्सवाच्या मांडवात खर्चू नये. तो मुद्दल म्हणून ठेवून त्याच्या व्याजातून दरसाल ग्रंथालयाला पुस्तके घ्यावीत, किंवा जुने कागद जतन करावेत. आणि वर्षाच्या सभेत तो हिशेब वाचून दाखवावा व शाळेच्या दर्शनी फळ्यावर लावावा. सभेत वाचणे आणि फलकावर लिहिणे, दोन्ही. ही सूचना आमची नव्हे. ती पांडवलेण्यांतल्या भिंतीवर लिहिलेली आहे, आणि जो शंका घेईल त्याने उद्या सकाळी चढून जाऊन पाहावी. पायऱ्या पुष्कळ आहेत, पण चढण्याजोग्या आहेत.