तळघरातली डबी
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)

सेक्रेटरींनी मला ‘अमेरिकेतले अनुभव’ हा विषय दिलाय. नायगाऱ्याचे फोटो तुम्ही सर्वांनी पाहिलेत, म्हणून मी तळघराबद्दल बोलतो.

लेकीने न्यू जर्सीत जुनं घर घेतलं. आमची झोपायची सोय तळघरात. छान, उबदार! शेजारच्या बाईंनी सहज विचारलं, “रेडॉन तपासलंत ना?” आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो.

रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू. जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होतो. त्याला ना रंग ना वास. फरशीच्या भेगांतून घरात शिरतो आणि दारं-खिडक्या बंद असल्या की साठतो. फुप्फुसाच्या कॅन्सरचं सिगारेटखालोखाल मोठं कारण तिथे हेच मानतात. सिगारेट ओढणाऱ्याला तर धोका कितीतरी जास्त. मी तीस वर्षं ओढलेली. सौ.नी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

शेजारच्याच पेनसिल्व्हेनियात १९८४ साली स्टॅनली वॉट्रस हे इंजिनियर लिमरिकच्या अणुवीज केंद्रात कामाला होते. तिथला किरणोत्सर्गाचा अलार्म त्यांना पाहून वाजे. केंद्र तर अजून सुरूही झालं नव्हतं! शेवटी त्यांचं घर तपासलं. लिटरमागे सुमारे २७०० पिकोक्युरी! चारला पोचलात की उपाय करा, असं तिथलं सरकार सांगतं.

मोजायचं कसं? कोळशाची एक चपटी डबी मिळते. आधी बारा तास आणि मग डबी असेपर्यंत खिडक्या बंद ठेवायच्या, नंतर डबी लॅबला पाठवायची. तिसऱ्या दिवशी सौ.नी मिरचीची फोडणी दिली, ठसका लागला आणि घरभर खिडक्या उघडल्या. डबी फुकट! जावईबापूंनी मुकाट्याने दुसरी आणली. आकडा आला अकरा.

त्या रात्री आमच्या गाद्या वरच्या हॉलमध्ये आल्या. कोटाच्या खिशातलं पाकीट मी कचऱ्यात टाकलं. (हो, अधूनमधून चालू होती. सौ.ना आज कळतंय.) पुढे कारागिरांनी तळघराची फरशी भोकलून पाइप घातला, त्याला पंखा लावला आणि खालची हवा छपरावर सोडली. पुन्हा मोजलं तेव्हा दीडच्या आत होतं.

बी विंगमधून आत्ताच विचारणा झाली, “आपल्याकडे काय?” जमिनीतला वायू वरच्या मजल्यांपर्यंत फारसा पोचत नाही, आणि आपल्या खिडक्या बाराही महिने उघड्या. तळमजल्यावर एसी लावून दिवसभर खोली बंद ठेवणाऱ्यांनी मात्र रोज थोडा वेळ तरी खिडकी उघडावी.