टीएसएचचा आकडा आणि तळघरातली भट्टी
(मिशिगनमधल्या मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

आमंत्रणाचा फोन आला तेव्हा तुमचे कार्यवाह म्हणाले, "थायरॉइडवर बोला, बऱ्याच जणांना हवं आहे." मघाशी चहाच्या वेळी त्याचं कारण कळलं. दोघी-तिघींनी मोबाइलवर रिपोर्ट दाखवले आणि सगळ्यांचं बोट एकाच ओळीवर होतं : टीएसएच. तेव्हा ग्रंथी कुठे असते, कशी दिसते, हे सोडून त्या ओळीपासूनच सुरुवात करतो.

टीएसएच थायरॉइडमध्ये तयार होत नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीतून येतं. रक्तात थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की पिट्युटरी टीएसएच वाढवते, पुरेसं झालं की हात आखडता घेते. म्हणजे आकडा चढला तर ग्रंथी बहुधा कमी काम करते आहे. आणि हा आकडा फार हळवा आहे. थायरॉइडचं मुख्य हार्मोन टी-फोर निम्म्यावर आलं तर टीएसएच दुप्पट होऊन थांबत नाही, शंभरपटीच्या घरात जाऊ शकतं.

इथे आम्ही सगळे डॉक्टर थर्मोस्टॅटचा दाखला देतो. मिशिगनच्या थंडीत राहणाऱ्या तुम्हाला तो लगेच पटतो. पिट्युटरी म्हणजे भिंतीवरचा थर्मोस्टॅट, थायरॉइड म्हणजे तळघरातली भट्टी. इथवर ठीक. पण हा दाखला मला मनापासून खटकतो, कारण त्यातूनच रुग्णाची घालमेल सुरू होते. घरात बटण फिरवलं की तासाभरात ऊब येते, म्हणून थायरॉइडची गोळी सुरू केल्यावर आठवड्यात फरक का नाही, असं वाटतं. पण गोळीत टी-फोर असतं, आणि त्याचं अर्धायुष्य सुमारे सात दिवस आहे. डोस बदलल्यावर रक्तातली पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे लागतात, म्हणून तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर घाबरायचं कारण नाही, तेही याचमुळे.

दुसरी गोष्ट याहून मोठी. भट्टी तयार ऊब पाठवते. थायरॉइड मात्र मुख्यतः टी-फोर पाठवतं, आणि ते जवळजवळ निष्क्रिय असतं. त्याच्या रेणूवर आयोडीनचे चार अणू असतात. यकृत, मूत्रपिंड, मेंदू आपापल्या एन्झाइमने त्यातला एक अणू काढतात, तेव्हा कामाचं टी-थ्री होतं. दीर्घ उपासात किंवा गंभीर आजारात शरीर दुसऱ्याच जागचा अणू काढतं आणि निरुपयोगी रेणू तयार होतो, म्हणजे खर्च आवरतं. थर्मोस्टॅट एक असला तरी प्रत्येक खोली आपली ऊब स्वतः ठरवते. हे मला अतिशय सुंदर वाटतं.

टी-थ्री पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि कोणती जनुकं वाचायची ते बदलतं. यकृतात त्यामुळे एलडीएल कोलेस्टेरॉल उचलणारे रिसेप्टर वाढतात. हार्मोन कमी पडलं की ते घटतात, कोलेस्टेरॉल चढतं. म्हणून कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सुरू करण्याआधी टीएसएच एकदा पाहावं.

(प्रश्न : आम्ही सैंधव वापरतो, चालेल ना?)

विषय थोडा बाजूला जाईल, पण तुमच्याच राज्याचा आहे. या भागातल्या मातीत आयोडीन कमी. पहिल्या महायुद्धातल्या सैन्यभरतीच्या तपासणीत उत्तर मिशिगनच्या कितीतरी तरुणांना गलगंड निघाला. मिशिगन विद्यापीठाचे बालरोगतज्ज्ञ डेव्हिड काउई यांनी पाठपुरावा केला आणि मे 1924 मध्ये आयोडीनयुक्त मीठ इथल्या दुकानांत आलं. आपल्याकडे भारतात कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी यांनी 1956 पासून आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे दाखवून दिलं. सैंधवात आयोडीन नगण्य असतं, आणि इथल्या पाकीटबंद पदार्थांतलं मीठही बहुधा आयोडीनविरहित असतं. दूध, अंडी, मासे खात नसाल तर रोजच्या फोडणीला आयोडीनयुक्तच मीठ घ्या. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम पुरतं. हाशिमोटोचा आजार, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉइडवर उलटणं, असेल तर मात्र जास्त आयोडीनने तो बरा होत नाही, उलट बिघडू शकतो.

(प्रश्न : गोळी चहाबरोबर घेतली तर?)

नुसत्या पाण्याबरोबर घ्या, मग अर्धा ते एक तास थांबा. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद ठेवा, त्याने टीएसएच खोटं कमी दिसू शकतं. भारतातून आणलेल्या बाटल्या आणि इथली गोळी आलटूनपालटून घेऊ नका. बदललीच, तर सहा आठवड्यांनी तपासा.

(प्रश्न : सुनेला दिवस राहिले आहेत, ती आधीपासून गोळी घेते.)

बरं झालं विचारलंत. बाळाची स्वतःची ग्रंथी साधारण तिसऱ्या महिन्याच्या शेवटी काम सुरू करते. तोवर त्याच्या मेंदूला लागणारं सगळं हार्मोन आईकडून येतं, म्हणून आईचा डोस बहुधा पाव ते निम्म्याने वाढवावा लागतो. इथे पहिली अपॉइंटमेंट अनेकदा आठव्या आठवड्याच्या सुमाराला मिळते. तोवर थांबू नका. सूनबाईंना उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन करायला सांगा.